इंग्रजी आधी कानावर पडू द्या

२०२५च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत महाराष्ट्रात भाषाशिक्षणावर जेवढी चर्चा झाली, तेवढी त्याआधीच्या कित्येक वर्षांत झाली नसेल. पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला, त्यावर रान उठलं आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, हे म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण त्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. पहिलीपासून एक परकी भाषा आपण आधीच शिकवतो आहोत, तिचं काय झालं? २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हा पहिलीच्या वर्गात बसलेली मुलं आता तिशीच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या किती जणांना मुलाखतीत समोरच्याचा प्रश्न एका दमात कळतो? मुलांना काय येतं याची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मुलं इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचू शकत होती. २०१६ सालीही आकडा जवळजवळ तोच होता. म्हणजे मधली सहा वर्षं आपण जागचे हललो नाही.

हा विषय निघालाच तर लगेच दोन तट पडतात. एका तटावर व्याकरणवाले. पाया कच्चा राहिला, काळ आणि प्रयोग पक्के झाल्याशिवाय मुलांनी तोंड उघडू नये, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या तटावर एसटी स्टँडसमोरच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती, व्याकरणाशिवाय तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचं आश्वासन देणाऱ्या. वर्षानुवर्षं हा वाद ‘व्याकरण हवं की नको’ या एकाच खुंटीभोवती फिरतो आहे. व्याकरण हवंच. पण कशाचं? जी भाषा मुलाने धड ऐकलीच नाही, तिचं? माझं म्हणणं असं की भाषा आधी कानाने घेतली जाते, तीही समजलेल्या बोलण्यातून. मग ती अडखळत तोंडात येते, आणि त्यानंतर व्याकरणाला काम मिळतं. आपल्या शाळांत मुलांना कळेल अशी इंग्रजी त्यांच्या कानावर पडतच नाही, म्हणून बाकीचे सगळे उपाय फसतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

साधा हिशेब मांडून पाहू. पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले, तर वर्षाकाठी सुमारे ११७ तास होतात. दहा वर्षांत बाराशेच्या आत. पण त्या तासाला होतं काय? बाई धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहितात आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात. मुलाला उद्देशून, त्याला कळेल असं इंग्रजी बोलणं तासाला पाच मिनिटं होतं असं उदारपणे धरलं, तरी दहा वर्षांची बेरीज १६७ तासांवर थांबते. मराठी घरातलं तीन वर्षांचं मूल जागेपणी दिवसाला दहा-अकरा तास मराठीच्या सहवासात असतं. म्हणजे दहावीच्या मुलाने उभ्या शाळेत ऐकलेली सगळी इंग्रजी ही त्या लहानग्याच्या पंधरवड्याच्या मराठीएवढी झाली. एवढ्या शिदोरीवर आपण त्या मुलाकडून निबंध मागतो, आणि तो लिहिता आला नाही की ‘पाया कच्चा’ म्हणतो.

कानावर न पडलेली भाषा डोळ्यांनी शिकली की काय होतं, हे आपल्या पिढ्यांनी अंगावर काढलं आहे. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हा आपला इंग्रजीचा पहिला धडा. त्यात अक्षरं आधी, शब्द नंतर, वाक्य कधी तरी पुढच्या वर्षी. मराठी साधारण लिहितो तशीच बोलली जाते, त्यामुळे मराठी मुलाचा अक्षरावर पूर्ण विश्वास असतो, आणि इंग्रजी नेमकी तिथेच त्याला फसवते. तो ‘वेडनेसडे’ म्हणतो, ‘डेब्ट’ म्हणतो, आणि वर्ग हसला की पुन्हा तोंड उघडायचं धाडस करत नाही. त्याहून खोल अडचण आघाताची आहे. ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ यांतला ‘फो’ आपण एकसारखाच उच्चारतो. इंग्रजीत पहिल्या शब्दात जोर ‘फो’वर असतो. दुसऱ्या शब्दात तो पुढच्या अक्षरावर सरकतो आणि बाकीची अक्षरं अर्धी गिळली जातात. मराठीत असा जोर बदलल्याने शब्द ओळखण्यात फरक पडत नाही, म्हणून त्याकडे लक्ष द्यायची आपल्या कानाला सवयच नसते. परिणाम असा की बारावीला इंग्रजीत सत्तर गुण मिळवलेल्या मुलाला इंग्रजी बातमीपत्रातला प्रत्येक शब्द छापून दाखवला तर ओळखतो, ऐकवला तर वाक्य हातातून निसटतं. हे कुठल्या नियमाच्या पुस्तकात शिकवणार? ते ऐकूनच अंगवळणी पडतं.

हा अनुभव आपलाच आहे असं नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स्वा गुएं नावाचा लॅटिनचा फ्रेंच शिक्षक जर्मन शिकायला हॅम्बर्गला गेला. त्याने जर्मन व्याकरणाचं पुस्तक आणि २४८ अनियमित क्रियापदं दहा दिवसांत पाठ केली, तिथल्या अकादमीत जाऊन व्याख्यानाला बसला, आणि त्याला एक शब्दही कळला नाही. मग त्याने शब्दकोशच पाठ करायला घेतला. तरीही जर्मन आली नाही. हताश होऊन घरी परतला तर नात्यातलं तीन वर्षांचं मूल, जे तो निघाला तेव्हा बोलतही नव्हतं, आता फ्रेंचमध्ये अखंड बडबडत होतं. या धक्क्यातून त्याने पुढे शिकवण्याची नवी पद्धत बसवली. मला त्या पद्धतीपेक्षा तिच्यामागची कबुली मोलाची वाटते. व्याकरणात पारंगत असलेल्या माणसाने लिहून ठेवलं की मेहनत कमी पडली नव्हती, ती चुकीच्या जागी पडली होती. आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेली. ज्यांनी ती प्रामाणिकपणे घोकली त्या माणसांची मेहनत मी कमी लेखत नाही. ती वाया गेली याचंच मला वाईट वाटतं.

आणि हॅम्बर्गला कशाला जायचं? सोलापूरच्या पूर्व भागात जा. विणकरांच्या तेलुगू घरातलं मूल घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी. जुन्या सोलापूरकराला कन्नडही कळते. यांतल्या कुठल्याही भाषेचा विभक्तीचा तक्ता त्यांनी बोलण्याआधी पाठ केलेला नसतो. मुंबईत आलेला कोकणी किंवा घाटावरचा माणूस सहा महिन्यांत हिंदी बोलतो, ती त्याला कुणी शिकवली? त्या हिंदीत लिंगाच्या चुका असतात, हे खरं. पण ती कळते, चालते, पोट भरते, आणि ज्याला हौस आहे तो पुढे ती सुधारूनही घेतो.

इथे विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो. सोलापुरात तेलुगू गल्लीत आहे, मुंबईत हिंदी लोकलच्या डब्यात आहे. सांगोल्याच्या एखाद्या वाडीवर इंग्रजी कुठे आहे? जिथे वातावरणच नाही तिथे ‘नैसर्गिकपणे’ शिका म्हणणं ही मुलांची फसवणूक नाही का? मुद्दा खरा आहे आणि तो मला मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा काढला जातो. बाहेर इंग्रजी नाही, म्हणूनच शाळेचा तो एक तास हाच तिचा एकमेव झरा आहे. मग तोही आपण मराठीत अर्थ सांगण्यात आणि उत्तरं उतरवून घेण्यात घालवायचा? पाणी मुबलक असतं तर थोडं सांडलेलं चाललं असतं. टंचाईत नाही.

‘मोबाइल आहे की आता, ऐकतील मुलं’ असंही म्हटलं जातं. ऐकतील, पण कळल्याशिवाय ऐकलेलं म्हणजे नुसता गोंगाट. वेगाने धावणारा इंग्रजी सिनेमा शंभर वेळा कानावरून गेला तरी त्यातून फारसं काही लागत नाही. जे ऐकतो त्यातलं बरचसं समजलं पाहिजे आणि थोडंच नवं असलं पाहिजे. अमेरिकेतले भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन हेच १९८०च्या दशकापासून आग्रहाने सांगत आले. त्यांच्या सगळ्या मांडणीशी मी सहमत नाही, पण एवढं पक्कं आहे. म्हणूनच मराठी इथे शत्रू नाही. गोष्ट आधी मराठीत सांगा, मग तीच इंग्रजीत सांगा, हातवारे करा, चित्र दाखवा. मुलाला पुढे काय होणार ते ठाऊक असतं, म्हणून शब्द नवे असूनही तो गोष्ट सोडत नाही. मराठीचा उपयोग असा दार उघडण्यासाठी व्हावा. आज आपण प्रत्येक वाक्यानंतर मराठी अर्थ देतो, आणि मुलं शहाणी असतात. अर्थ मिळणारच आहे म्हटल्यावर ती इंग्रजी वाक्य ऐकायची थांबतात.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे, आणि जाहिरातवाल्यांनी तो मुद्दाम वाचावा. नुसतं ऐकून आणि बोलून भाषा ‘येते’, पण नीट येते का? कॅनडात क्वेबेकमधल्या सेंट लँबर्ट इथे १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग सुरू झाले आणि तो प्रयोग देशभर पसरला. या मुलांना ऐकलेली आणि वाचलेली फ्रेंच फार उत्तम कळू लागली. बोलताना आणि लिहिताना मात्र वर्षानुवर्षांनंतरही व्याकरणाच्या ठळक चुका राहिल्या. मेरिल स्वेन या संशोधिकेने १९८५ साली त्यावर बोट ठेवलं: ही मुलं ऐकत भरपूर होती, पण त्यांना स्वतः नेमकं बोलायला भाग पाडलं जात नव्हतं. आपल्याकडचं उदाहरण हवं तर गोव्याच्या कळंगुट-बागा किनाऱ्यावर मणी विकणाऱ्या लमाणी बायकांचं घ्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बायका पर्यटकाशी इंग्रजीत भाव करतात, काही जणी रशियनमध्येही. त्यांच्या हिमतीला आणि कानाला माझा मनापासून नमस्कार आहे. पण ती भाषा त्यांच्या धंद्याच्या गरजेपुरती वाढते आणि तिथेच थांबते. त्याच इंग्रजीत त्यांना पंचायतीला अर्ज लिहिता येणार नाही.

म्हणून व्याकरण लागतं, आणि मी ते मनापासून मागतो. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदं नाहीत, ती आपल्या कानाला ऐकूही येत नाहीत. कुणी तरी थांबवून ‘हे बघ, इथे हा छोटा शब्द आहे’ असं दाखवावंच लागतं. ‘आय डिडन्ट वेंट’ म्हणणाऱ्या मुलाला नियम सांगितला तर तो लगेच उमगतो, कारण बोलायची गरज त्याला आधी पडलेली असते. न बोललेल्या वाक्याची दुरुस्ती करता येत नाही, आणि आपण दहा वर्षं तेच करत असतो. माझ्या ओळखीतल्या एका आठवीच्या मुलाची वही मी पाहिली. कर्तरीचं कर्मणी केलेली चाळीस वाक्यं, एकही चूक नाही. त्याला मी इंग्रजीत विचारलं, ‘आज शाळेत उशीर का झाला?’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि गप्प राहिला. मुलगा हुशार आहे. त्याच्याशी इंग्रजीत कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. रानडे, भांडारकर, तेलंग, टिळक, आगरकर ही माणसं व्याकरण आणि भाषांतर करूनच शिकली ना? त्यांच्यासारखी इंग्रजी आज कुणाला येते? हा मुद्दा भावनेचा म्हणून झटकून टाकू नये, त्यात खरा अभिमान आहे. पण या माणसांचं शिक्षण पुरतं पाहिलं तर चित्र बदलतं. मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ सालची. रानडे आणि भांडारकर तिच्यातले. कॉलेजात त्यांच्यासमोर इंग्रज प्राध्यापक उभे राहत आणि इतिहास असो वा तर्कशास्त्र, सगळं इंग्रजीतूनच बोलत. कवी वर्ड्स्वर्थ यांचे नातू विल्यम वर्ड्स्वर्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये प्राचार्य होते. म्हणजे व्याकरणाच्या पायावर वर्षानुवर्षं रोजचं ऐकणं, वादसभा आणि डोंगराएवढं वाचन रचलं गेलं होतं. आपण त्यातला व्याकरणाचा पाया उचलला आणि वरची इमारत विसरलो. शिवाय जे निभावले त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. जे मॅट्रिकला इंग्रजीत अडकले आणि शिक्षणालाच मुकले, त्यांची यादी कुणी ठेवली? त्या काळी मोजक्यांना निवडायचं होतं, म्हणून चाळणी चालून गेली. आज प्रत्येक मुलाला शिकवायचं आहे.

आणि इथेच मला हा प्रश्न न्यायाचा वाटतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८५०च्या दशकात कवितेतून शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायचं आवाहन केलं, कारण ती भाषा बंद दारं उघडेल हे त्यांनी ओळखलं होतं. आज काही कळकळीची माणसं म्हणतात, ‘श्रीमंतांच्या मुलांना शुद्ध लेखी इंग्रजी आणि आमच्या मुलांना नुसत्या गप्पा? हा पंक्तिप्रपंच नको.’ त्यांची धास्ती मी समजू शकतो. पण ज्या घरात इंग्रजी बोलली जाते, त्या मुलाला ऐकणं घरी फुकट मिळतं. शाळेने फक्त व्याकरण शिकवलं तरी त्याचं भागतं. ऊसतोड कामगाराच्या मुलीला ऐकणं शाळेशिवाय कुठेच मिळत नाही. शाळा व्याकरणापासून सुरुवात करते तेव्हा ती कळत-नकळत घरी इंग्रजी असलेल्यांसाठी चालते. पंक्तिप्रपंच तिथे आहे.

यावर आईबापांनी शोधलेला उपाय म्हणजे इंग्रजी माध्यम. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो वाद वेगळा आणि मोठा आहे. गल्लोगल्लीच्या स्वस्त इंग्रजी शाळांत शिक्षकांनाच इंग्रजी बोलायचा सराव नसतो. मूल परिसराची आणि विज्ञानाची उत्तरं न कळता पाठ करतं. भाषा कळलेल्या बोलण्यातून येते हे मान्य केलं, तर न कळणाऱ्या भाषेत सगळेच विषय शिकवणं हा तिच्यापासून दूर जाण्याचा रस्ता आहे.

मग साध्या शाळेत, साठ मुलांच्या वर्गात, हे जमतं का? जमल्याचे दाखले आहेत. इंग्रजीच्या अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरू आणि मद्रास भागातल्या सर्वसाधारण शाळांत व्याकरणाचा पाठ्यक्रम बाजूला ठेवून इंग्रजी शिकवली. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कोडी इंग्रजीतून मांडायची, मुलांनी ती सोडवायची, आणि लक्ष भाषेवर नाही तर उत्तरावर ठेवायचं. बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा एकंदर निकाल या मुलांच्या बाजूने लागला. वाक्यरचनेच्या चाचणीत मात्र नेहमीच्या वर्गातली मुलं पुढे होती, हेही सांगायला हवं. केनियात १९८०च्या दशकात प्राथमिक वर्गांना रेडिओवरून रोज अर्धा तास इंग्रजी दिली गेली आणि ऐकण्या-वाचण्यात फरक दिसला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी असाच रेडिओ कार्यक्रम तयार केला होता. त्यात मुलं नुसती ऐकत नाहीत, रेडिओला उत्तरं देतात. ज्या वर्गात शिक्षकाला स्वतःच्या इंग्रजीची भीती वाटते, तिथे हा आवाज शिक्षकालाही धीर देतो. मला तर वाटतं की सगळ्यात आधी ऐकण्या-बोलण्याची संधी शिक्षकांना द्यायला हवी. त्यांना आपण ती क्वचितच दिली, आणि दोष मात्र त्यांच्याच माथी मारतो. शिक्षकांच्या इंग्रजीसाठीच्या ‘तेजस’ प्रकल्पात राज्यातले शिक्षक गटागटाने जमून आपसात इंग्रजीत बोलत. तालुक्या-तालुक्यांत असे गट कायमचे असावेत, प्रकल्प संपला म्हणून ते मोडू नयेत.

पण शाळा शेवटी परीक्षेच्या मागे जाते. दहावीला भाषेचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत परीक्षेचे. २०१९ साली ते २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले. त्या वादात टक्केवारीची चर्चा झाली. ज्या गुणांचं नाव ‘तोंडी’ आहे त्यांत मूल तोंड उघडतं का, हे कुणी विचारलं नाही. ते २० गुण आज शाळाच देते आणि सढळ हाताने देते. माझी मागणी एवढीच आहे की हे गुण खऱ्या बोलण्याला द्या. शेजारच्या शाळेतली बाई किंवा सर येतील, मुलीसमोर पाच मिनिटं बसतील, पुस्तक मिटलेलं असेल. तुमच्याकडे यंदा पाऊस कसा झाला? शेतात काय लावलंय? शाळेत कशी येतेस, चालत की एसटीने? ती चुकत बोलली तरी चालेल. आधी पाहायचं ते हे, की प्रश्न तिच्या कानाने घेतला का.